तुमचे प्रश्न : तीस संदर्भ आणायचे कुठून?

या वेळी टपालात आणि मेलवर शिक्षणशास्त्रवाल्यांचीच गर्दी झालीय. सिनॉप्सिस (संशोधनाचा आधी द्यायचा आराखडा), असाइनमेंट, कृतिसंशोधन (शिक्षकानं स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर केलेला छोटा अभ्यास), रडगाणं मात्र सगळ्यांचं एकच, संदर्भ मिळत नाहीत. मी सोलापुरात लायब्ररीच्या काउंटरमागं नोकरी काढलेला माणूस, त्यामुळं संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. पत्रं थोडी कापून छापलीत, राग मानू नका.

प्रश्न : मी एम.एड. करतेय. माझा टॉपिक ‘विडी कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या’ असा आहे. गाईड म्हणतात कमीत कमी तीस संदर्भ पाहिजेत, त्यातले काही परदेशी. गुगलवर टाकलं की विडी उद्योगाच्या बातम्या येतात नाहीतर तेच तेच पीडीएफ. लायब्ररीत गेले तर काय मागायचं तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तीसचा आकडा आधी डोक्यातून काढा, तो आपोआप भरतो. खरी अडचण टॉपिकमध्येच आहे. ‘शैक्षणिक समस्या’ म्हटलं की त्यात गळती आली, भाषा आली, पैसा आला, आजारपण आलं, आणि ‘समस्या’ नावाचं कपाट कुठल्याच लायब्ररीत नसतंय. कुंभारीकडं विडी घरकुलात एकदा संध्याकाळी जाऊन बसा. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असते, मोठी पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून तिच्या शेजारी, पानं कापायची नाहीतर दोरा बांधायचा, घरातलं बोलणं सगळं तेलुगूत आणि सकाळी वर्गात पुस्तक मराठीतलं. यातलं तुम्हाला नेमकं काय बघायचंय? घरची भाषा आणि शाळेची भाषा? पोरींचं घरकाम आणि हजेरी? की स्कॉलरशिप मिळते का आणि तिचा उपयोग काय होतो ते? एक धरा. बाकीचं सोडताना जीवावर येतं, पण सोडा.

का म्हणतोय, तर जे धराल त्यावर कपाट बदलतं. भाषा घेतली तर तुमचा मुक्काम शिक्षणाच्या कपाटापाशी, म्हणजे ड्यूईच्या (लायब्ररीत पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची पद्धत) ३७० ते ३७९ मध्ये, प्राथमिक शिक्षण ३७२ ला. पोरींचं काम घेतलं तर निम्मे संदर्भ ३३१ ला, कामगारांच्या कपाटात, जिथं एम.एड.वाले सहसा फिरकतच नाहीत आणि म्हणून त्यांना वाटतं की या विषयावर काही लिहिलेलंच नाही. १९६६ चा विडी आणि सिगार कामगारांचा कायदा, १९७६ चा विडी कामगार कल्याण निधीचा कायदा, त्या योजनांतून केंद्राचं श्रम मंत्रालय मुलांना जी स्कॉलरशिप देतं तिची माहिती, हे सगळं त्या बाजूला सापडतं.

आता भारतात आधी काय झालंय ते बघायला ‘बुच सर्व्हे’ मागा. लायब्ररीत याच नावानं ओळखतात. म. ब. बुच यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७४ मध्ये शिक्षणातल्या संशोधनाचा पहिला सर्व्हे काढला, पुढं एनसीईआरटीनं, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं, ते काम चालवलं, सहावा सर्व्हे १९९३ ते २००० या काळाचा आहे. विषयवार सारांश असतात, उद्देश काय, नमुना किती, निष्कर्ष काय, एका संशोधनाला पान-दीड पान. जाडजूड खंड आहेत, घरी मिळत नाहीत, तिथंच बसून वाचायचे. फक्त एक करू नका, सारांश वाचून ‘अमुक यांच्या प्रबंधात’ असं लिहू नका, मूळ प्रबंध बघितला नसेल तर सर्व्हेचाच दाखला द्या. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरचा परीक्षक नेमका तिथं बोट ठेवतो.

२००० नंतरचं शोधायला शोधगंगा. विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेचं हे भांडार फुकट आहे आणि पीएच.डी.चे प्रबंध तिथं चॅप्टरवार पीडीएफमध्ये असतात. आता सोलापूरकरांची एक गोष्ट लक्षात घ्या. आपलं विद्यापीठ झालं १ ऑगस्ट २००४ ला, त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे सोलापूर जिल्ह्यावरचं जुनं काम पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या नावाखाली शोधून सापडणारच नाही, शिवाजी विद्यापीठ उघडा, शिक्षणशास्त्र विभाग उघडा आणि सोलापूर टाका. मराठी प्रबंधांची शीर्षकं कुणी देवनागरीत टाकलीत कुणी रोमनमध्ये, दोन्ही करून बघा. प्रबंध सापडला की पहिल्या पानापासून वाचत बसू नका, शेवटची संदर्भसूचीची फाईल आधी उतरवा. त्या माणसानं दोन-तीन वर्षं घालून जी यादी केली ती तुम्हाला आयती मिळते, त्यातलं काय अजून लागू आहे ते निवडणं तेवढं तुमचं काम. एम.एड.चे लघुप्रबंध मात्र शोधगंगेवर नसतात, ते जुन्या बी.एड.-एम.एड. कॉलेजांच्या मागच्या कपाटात धूळ खात असतात, तिथं स्वतःच जावं लागतं.

परदेशी संदर्भांसाठी एरिक. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा हा शिक्षणविषयक डेटाबेस १९६४ पासून आहे आणि वापरायला पैसे लागत नाहीत. लोक काय करतात, अख्खं शीर्षक सर्चमध्ये टाकतात आणि शून्य आलं की बंद करतात. एरिकला स्वतःची ठरलेली शब्दांची यादी आहे, थिसॉरस म्हणतात, तिथून शब्द घ्या, ‘लँग्वेज ऑफ इन्स्ट्रक्शन’, ‘नेटिव्ह लँग्वेज’ असे. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या अभ्यासांवर ते ‘फॉरिन कंट्रीज’ असा शिक्का मारतात, आपण त्यांच्या लेखी परदेशच, त्यामुळं हा शब्द आणि इंडिया जोडलं की अमेरिकी शाळांचा ढिगारा बाजूला होतो. निकालात नंबर बघा, ईडीनं सुरू होणारे म्हणजे रिपोर्ट, पुस्तकं, परिषदेतले पेपर, ईजेनं सुरू होणारे म्हणजे जर्नलमधले लेख. ईडीवाले पुष्कळदा पूर्ण उतरतात, ईजेवाल्यांचा बहुतेकदा सारांशच मिळतो. मग तो नंबर आणि शीर्षक घेऊन विद्यापीठाच्या लायब्ररीत जा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू आहे, केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना त्यात सुमारे १३,००० जर्नल्स उघडी केलीत, जी एकट्या कॉलेजला कधीच परवडली नसती. तुमचं कॉलेज खाजगी असेल तर एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, लॉगिन आहे का विचारा. पुष्कळ कॉलेजं त्याची फी भरतात आणि पोरांना सांगतच नाहीत.

सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे किती हे कुठल्यातरी लेखातून उचलू नका, जनगणना २०११ चा सी-१६ हा मातृभाषेचा तक्ता आहे, तो थेट बघा. झालं, मोजा आता किती होतात ते.

प्रश्न : आमच्या कॉलेजात रेफरन्सच्या कपाटाला कुलूप असतं. पुस्तक मागितलं की ‘कशाला पाहिजे?’ असं विचारतात. आम्ही शिकायचं कसं?
— बी.एड. दुसरं वर्ष, नाव नको

उत्तर : कुलपाचं समर्थन मी करणार नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात, आणि आपण अजून किल्ली शोधतोय. पण ‘कशाला पाहिजे’ हा प्रश्न मात्र चांगल्या ग्रंथपालानंही विचारायलाच पाहिजे, फक्त सूर वेगळा हवा. तुम्ही ‘मानसशास्त्राचं पुस्तक द्या’ म्हटलं तर तो हाताला लागेल ते देणार. ‘सहावीतली मुलं गणिताला का घाबरतात यावर चार पानं लिहायचीत, शुक्रवारी द्यायचीत’ असं म्हणालात तर तो वेगळ्या कपाटाकडं वळतो. म्हणजे विषय, कशासाठी, किती खोल आणि कधीपर्यंत, एवढं सांगा. आधी काय बघून झालंय तेही सांगा, नाहीतर तेच पुन्हा हातात येतं.

आणि तरी दार उघडत नसेल तर बाहेर पडा की. हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, विद्यापीठाची लायब्ररी आहे. बाहेरच्या वाचकानं जाताना प्राचार्यांचं पत्र आणि आयकार्ड सोबत ठेवावं, पत्रात विषय लिहिलेला असू द्या, नुसतं ‘सहकार्य करावे’ नको. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा, परीक्षेच्या दिवसांत वेळा बदलतात.

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. माझ्या तिसरीच्या वर्गात बरीच मुलं घरी कन्नड बोलतात, मराठी वाचताना अडखळतात. यावर कृतिसंशोधन करायचंय. जवळ लायब्ररी नाही, मोबाईल आहे. इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मराठीत काही मिळेल का?
— एक शिक्षिका

उत्तर : मिळेल की. मॅडम, कृतिसंशोधनाला संदर्भांचा डोंगर लागतच नाही, पाच-सहा गोष्टी नीट वाचल्या तरी पुरे. पुण्याच्या एससीईआरटीचं, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचं, ‘जीवन शिक्षण’ मासिक बघा, त्यात शिक्षकांचेच अनुभव असतात, काही लेख नुसते परिपत्रकासारखे वाटतात ते सोडून द्या. ‘पालकनीती’ मासिकातले भाषाशिक्षणावरचे लेख वाचा. संकल्पना पक्क्या करायला मराठी विश्वकोशाची साइट, तिथली शिक्षणशास्त्राची नोंद वाचून कुणी हसत नाही, उलट एम.एड.वाल्यांनीही आधी तीच वाचावी.

हिंदी चालत असेल तर एनसीईआरटीकडं वळा, ‘प्राथमिक शिक्षक’ हे त्यांचं नियतकालिक आहे, आणि २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी २१ अभ्यासगटांनी जे आधारपत्र काढले त्यात भारतीय भाषांच्या अध्यापनावर एक आहे. घरची भाषा वर्गाबाहेर ठेवायची नाही, ती हाताशी धरून पुढं जायचं, ही त्यातली बाजू तुमच्या वर्गाला बरोबर लागू पडते.

पण मला विचाराल तर तुमचा सगळ्यात चांगला संदर्भ तुमच्या तालुक्यातच आहे. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेत जावा. बालभारतीची कन्नड पुस्तकंही निघतात, पीडीएफ फुकट आहेत, पहिली-दुसरीचं कन्नड आणि मराठी पुस्तक शेजारी ठेवून तिथल्या बाईंसोबत एक दुपार बसा, कुठला आवाज, कुठला जोडशब्द, कुठली वाक्याची ठेवण मुलांना परकी वाटते त्याची यादी करा. ही यादी एरिकवर नाही मिळायची. डाएट, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जिल्हा संस्था, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माळशिरस तालुक्यात वेळापूरला, अक्कलकोटहून तिकडं जायचं म्हणजे दिवस गेला, तेव्हा आधी फोनवर विचारा की भाषेवरचे जुने कृतिसंशोधन अहवाल कुठले आहेत, आणि केंद्रप्रमुखांकडून एखादा मागवून घ्या.

प्रश्न : पीएच.डी.ची तयारी करतोय, विषय प्राथमिक वाचनक्षमता. असर एक सांगतं, नॅस वेगळं सांगतं, यूडायसचे आकडे तिसरेच. कुठला खरा धरायचा? आणि सोलापूरचे आकडे यातून मिळतात का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : तिन्ही खरे, पण तिघांनी वेगवेगळं मोजलंय. हे न बघता आकडे शेजारी शेजारी लावणारे प्रबंध मी इतके बघितलेत की आता रागही येत नाही.

असर हा ‘प्रथम’ नावाच्या संस्थेचा सर्व्हे, २००५ पासूनचा. तो घरी जाऊन होतो, शाळेत नाही, आणि फक्त ग्रामीण भागात. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं, असा ठोकळ हिशेब. मूल शाळेत जातं की नाही, सरकारी की खाजगी, काही असो, ५ ते १६ वयाच्या मुलाला तोंडी वाचायला देतात, अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. बस्स. म्हणजे ‘आठवीतली इतकी टक्के मुलं वाचू शकतात’ याचा अर्थ दुसरीचा मजकूर वाचू शकतात एवढाच, आठवीचं पुस्तक कळतं असा नाही. आणि सोलापूर शहराबद्दल असर काहीच सांगत नाही, तरी सोलापूर महापालिकेच्या शाळांवरच्या सिनॉप्सिसमध्ये पहिल्या पानावर असरचा दाखला हमखास असतो! जिल्हावार आकडे दरवेळी नसतात, २०२२ च्या सर्व्हेत होते, आणि नमुना लहान असल्यानं एखाद-दोन टक्क्यांच्या फरकावर इमारत बांधू नका.

नॅस, म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, शाळेत होतं, वर्गातल्या मुलांचं, त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्यावर. जे मूल शाळेतच नाही ते त्यात नाही. १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ अशा दोन मोठ्या फेऱ्या झाल्या, २०२१ ला तिसरी, पाचवी, आठवी, दहावी होती, जिल्ह्याचं रिपोर्ट कार्ड मिळतं. पण २०१७ ला सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या, २०२१ ला विनाअनुदानित खाजगीही आल्या, तेव्हा सरासरीची सरळ वजाबाकी करता येत नाही. शिवाय मध्ये कोरोना. त्यानंतर नाव बदलून ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झालं, ४ डिसेंबर २०२४ ला, आणि इयत्ताही बदलल्या, तिसरी, सहावी, नववी. पाचवीचा सलग ट्रेंड काढायला निघालेला माणूस इथंच अडकतो.

यूडायस प्लस तर परीक्षाच नाही. शाळेनं भरलेली माहिती आहे, पट किती, शिक्षक किती, संडास आहे का, वीज आहे का. वाचनक्षमता त्यात शोधू नका. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद घ्यायला सुरुवात झाली, त्याआधी शाळेची एकत्र संख्या भरली जायची, त्यामुळं आधीचा आणि नंतरचा पट तुलना करताना तळटीप टाकाच. पट एकदम घटलेला दिसला तर मुलं गळाली असं लगेच लिहू नका, दुहेरी नावं उडाली असतील. आपल्याकडं त्यात ऊसतोडीचं आणखी एक, दिवाळीनंतर फडावर गेलेलं मूल रजिस्टरवर असतं आणि वर्गात नसतं, हे फक्त हजेरीपटावर कळतं.

म्हणून तुमचा प्रश्न ‘मुलांना वाचता येतं का’ असा असेल तर असर, ‘इयत्तेचं येतं का’ असेल तर नॅस आणि परख, ‘शाळेची स्थिती काय’ असेल तर यूडायस. आणि तिन्हींचे आकडे वर्तमानपत्रातून नको, मूळ रिपोर्टमधून घ्या, त्यात नमुन्याबद्दलची पानं असतात, ती कंटाळवाणी आहेत पण गाईड विचारतो ते तिथंच असतं.

प्रश्न : असाइनमेंटला चॅटजीपीटीनं दिलेले संदर्भ चालतात का?
— अनेक जण

उत्तर : प्रत्येक शीर्षक गुगल स्कॉलरवर टाकून बघा. लेखक खरा, जर्नल खरं, आणि असा लेखच नाही, हा प्रकार फार होतोय. सापडलं, उघडलं, वाचलं तर चालतं. नुसतं यादीत चिकटवलं तर ती थाप आहे, मशीननं मारलेली असली तरी खाली सही तुमची असते. आणि हो, ‘यूजीसी केअर लिस्टमधलंच जर्नल पाहिजे’ म्हणून अजून काही जण अडून बसतात, ती मान्य जर्नल्सची लिस्ट यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलीय. आता जर्नल बरं की भुक्कड हे स्वतःच बघायचं, संपादक मंडळ कोण आहे, परीक्षण होतं का, की पैसे भरले की आठवड्यात छापून हातात.

प्रश्न : आमच्या शाळेला शंभर वर्षं होतायत. स्मरणिकेत शाळेचा आणि तालुक्यातल्या शिक्षणाचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर आलंय. जुने संदर्भ कुठं शोधावेत?
— निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी

उत्तर : सर, हे काम मला फार आवडलं. तालुक्यासाठी पहिलं पुस्तक म्हणजे मुंबई इलाख्याच्या (इंग्रजांच्या काळातला मुंबई प्रांत) गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, विसावा खंड, शोलापूर, १८८४ चा. त्यात शिक्षणावर वेगळं प्रकरण आहे. ऑनलाइन मिळतो, फक्त शोधताना इंग्रजीत जुनं शोलापूर असं स्पेलिंग टाका. इलाख्याच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल बघा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयानं असली बरीच जुनी पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून खुले केलेत, इंटरनेट अर्काइव्हवरही सापडतात. १८८२ च्या, शिक्षणावर नेमलेल्या हंटर कमिशनचं नाव अशा स्मरणिकांत हमखास येतं, महात्मा फुल्यांनी त्याच कमिशनला निवेदन दिलं होतं, पण तुमच्या शाळेशी संबंध नसेल तर उगीच घालू नका, पानं भरतात आणि वाचणारा उठतो.

खरा खजिना मात्र तुमच्या शाळेच्या ऑफिसात आहे. जनरल रजिस्टर काढा. नाव, जात, जन्मगाव, वडिलांचा धंदा, शाळा कधी सोडली आणि का, हे रकाने वर्षावर्षानं वाचत गेलं की गावच दिसतं. बार्शीच्या पलीकडं तेव्हा निजामाची हद्द होती, तर जन्मगावाच्या रकान्यात तिकडची गावं किती आहेत, १९४७-४८ मध्ये वाढतात का, ते बघा. मुलींची पहिली नोंद कुठल्या वर्षी, दलित मुलाची पहिली कधी, हे कुठल्याच छापील पुस्तकात नाही. इन्स्पेक्टरच्या शेऱ्यांची वही असेल तर ती सोडू नका, ‘गणित कच्चे, टापटीप बरी’ असले शेरे जसेच्या तसे छापा. त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांसाठी सोलापूर-बार्शीच्या जुन्या वाचनालयांत विचारा, बांधलेले खंड असतील तर साल सांगून मागा, नाहीतर काढून देत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना भेटताना रजिस्टरातली त्यांचीच नोंद दाखवून बोलतं करा, आठवणी नीट येतात. रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नका, तिथंच फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून, आणि प्रत्येक फोटोत पान नंबर आणि साल येऊ द्या, नाहीतर महिन्याभरानं मोबाईलमध्ये शेकडो पानं आणि कुठलं कुठल्या सालचं ते कळत नाही. जिवंत माणसांची जात, गुण वगैरे नावासकट छापू नका, आकडे छापा.